जमीन वाहून जात नाही!

घराची किंमत विचारली की आमच्या भंडाऱ्याचा माणूस आधी प्लॉटचा भाव सांगतो. रस्ता किती फुटी, चौक किती जवळ, शेजारच्या डॉक्टरांनी प्लॉटला काय मोजले, हे सारे सांगून झाले की मग तो विटा-सिमेंटकडे वळतो. मीही तेच केले. घराचा विमा उतरवायला बसलो तेव्हा फॉर्मवर मोठ्या दिमाखाने 35 लाखांचा आकडा घातला. समोर माझाच एक जुना विद्यार्थी विमा-प्रतिनिधी होऊन बसला होता. तो हळूच म्हणाला, "सर, जमीन वाहून जात नाही."

शाळेत मी त्याला भूगोल शिकविला होता!

पण ही विम्याची उपरती मला झाली कशी, ते आधी सांगायला हवे. आमचे गाव वैनगंगेच्या काठी, पलीकडच्या तीरावर कारधा. पावसाळ्यात येथील माणसे एकमेकांना "कसे काय?" असे विचारीत नाहीत, "कारध्याला किती?" असे विचारतात. 245 मीटर ही इशाऱ्याची पातळी, 245.50 मीटर ही धोक्याची. आणि गंमत अशी, की पूर आमच्याच पावसाने येतो असे नाही. नदी उगम पावते मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात. तेथे मुसळधार कोसळला, संजय सरोवराचे दरवाजे उघडले, की आमच्या अंगणात ऊन पडलेले असतानाही नदी फुगत येते. खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्दचे 33 दरवाज्यांचे धरण आहेच.

2020 च्या ऑगस्टअखेर असेच झाले. महालक्ष्म्यांना निरोप देऊन दोनच दिवस झाले होते. गणपती अजून बसलेले होते. कोरोनामुळे आरतीलाही घरचीच माणसे. संध्याकाळी नालीतून पाणी उलटे यायला लागले. सौ. म्हणाली, "अहो, ही नाली नेहमीचीच तुंबली असेल." रात्री मोरीतून पाणी आले, मग उंबऱ्यावरून आले. गणपती, देव्हारा, आईच्या औषधांचा डबा आणि आई, या क्रमाने नव्हे, पण साधारण एकदमच, आम्ही सारे गच्चीवरच्या खोलीत नेले. गोसेखुर्दचे तेहेतीसही दरवाजे उघडल्याची बातमी मोबाईलवर वाचली तेव्हा खाली फ्रीज आडवा होऊन तरंगत होता.

पाणी ओसरल्यावर जे दिसते ते पुराहून वाईट. वर्षाचा गहू कुजून त्याला वास सुटलेला. कपाटांचे प्लायवूड पुरीसारखे फुगलेले. मुलीच्या लग्नाचा अल्बम एकसंध लगदा झालेला. एक गोष्ट मात्र तशीच राहिली. सौ.च्या आईने दिलेली पितळी भांडी. भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नाव कमावलेले गाव. ती भांडी चिखलातून काढली, चिंचेने घासली आणि पुन्हा झगझगीत! ती घासताना सौ. रडत होती, हे मी पाहिले नाही असे दाखविले.

आता विम्याकडे वळू. "आपला विमा आहे ना?" असे तिने विचारले तेव्हा मी छाती फुगवून "आहे" म्हटले होते. घरासाठी कर्ज काढले तेव्हा कर्ज देणाऱ्यांनीच एक पॉलिसी काढून दिली होती. मी ती कधी उघडून वाचली नव्हती. उघडली तेव्हा कळले, की विमा 6 लाखांचा, कर्जाइतका. घर नव्याने बांधायला त्या वेळी 15 लाख लागले असते. भिंती, फरशी, दारे मिळून नुकसान दीड लाखाचे ठरले. पण ज्याने घराच्या किमतीच्या 15 पैकी 6 भागांचाच विमा उतरविला, त्याला नुकसानीचेही तेवढेच भाग मिळायचे, असा त्या जुन्या पॉलिसीचा हिशेब. म्हणजे 60,000 रुपये. तेही आधी कर्जखात्यात जमा झाले. फ्रीज, गहू, कपाटे यांचे शून्य, कारण विमा भिंतींचा होता, संसाराचा नव्हता.

कोणावर रागवावे? कागदावर सही माझीच होती.

सरकारी मदतही असते, नाही असे नाही. पण संपूर्ण कोसळलेल्या पक्क्या घरालासुद्धा सपाट प्रदेशात 2022 ते 2026 या काळच्या निकषांनी 1,20,000 रुपये ठरले. त्यात घर उभे राहत नाही, फार तर पाया भरतो.

म्हणून मी त्या विद्यार्थ्याला बोलाविले. त्याच्याकडून कळले, की 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकच ठराविक पॉलिसी लागू केली आहे. कंपनी कोणतीही असो, मूळ शर्ती त्याच. पूर, वादळ, वीज पडणे, भूकंप, आग ही संकटे तीत धरलेली आहेत. मृगाच्या आधी आमच्याकडे जी वावटळ सुटते आणि टिनाचे पत्रे शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन टाकते, तीही त्यात आली. विमा-रकमेचा हिशेब सोपा. आतील वापराचे क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकामाचा दर. आमचे 900 चौरस फूट, दर 1,800 धरला, झाले 16,20,000. कुंपणाची भिंत, पोर्च, पाण्याची टाकी यांचा खर्च त्यात वेगळा मिळवायचा. माझ्या 35 लाखांतली जमीन अशी गळून पडली आणि हप्ताही उतरला!

सौ.ला खरा रस पुढच्या वाक्यात होता. इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख, इतका घरातील सामानाचा विमा आपोआप मिळतो. म्हणजे आमचे 3,24,000. आणि क्षेत्रफळ व माहिती खरी दिली असेल, तर तो 15 पैकी 6 भागांचा जाच या पॉलिसीत नाही.

"आणि माझे दागिने?" तिने विचारले.

"काकू, ते आपोआप येत नाहीत. वेगळे सांगून, किंमत लावून घ्यावे लागतात."

"आणि डब्यातले पैसे?"

तो हसला. रोख रक्कम, खरेदीखत, बाँड, कसलीही कागदपत्रे यात बसत नाहीत. कोणत्या डब्यात किती पैसे असतात हे मला त्या दिवशी प्रथमच समजले, तो भाग वेगळा. चोरीचेही असेच. पुरात घर सोडून गेलो आणि सात दिवसांच्या आत चोराने हात मारला तर भरपाई मिळते. एरवीच्या चोरीसाठी निराळा विमा. वर्षानुवर्षे भिंतीत मुरणारी ओल ही कोणाच्याच खात्यात जात नाही, ती आपली आपण पोसायची. विजेचा दाब वाढून टीव्ही आतून जळाला तर तेही सहसा यात येत नाही.

"मग कारध्याची बातमी आली की काढू," असे मी सहज म्हणालो. त्यावर त्याने मला 1938 च्या विमा कायद्यातले कलम 64-व्हीबी सांगितले. हप्ता आधी, जोखीम नंतर. पाणी उंबऱ्याला लागल्यावर पैसे भरून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट त्याने बजावून सांगितली, ती मी 2020 मध्ये नेमकी उलट केली होती. चिखल काढायच्या घाईत मी फुगलेली कपाटे आणि गाद्या उकिरड्यावर टाकल्या, भिंतीवरची पाण्याची रेघ धुऊन काढली. सर्वेअर आला तेव्हा त्याला दाखवायला काही उरले नव्हते. आधी कंपनीला कळवावे, फोटो काढावेत, मग झाडू हातात घ्यावा. कंपनीने दावा नाकारला किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी लागत नाही.

पॉलिसी आता काढली आहे. मूळ कागद गच्चीवरच्या खोलीत, गणपतीच्या पाटाशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. त्याबरोबर सौ.ने वहीच्या चार पानांवर लिहिलेली घरातील वस्तूंची यादी. फ्रीज, मिक्सर, शिलाई मशीन, गाद्या सहा. पितळी भांडी तिने यादीत घातलेली नाहीत. मी विचारले तर म्हणाली, "त्यांना काय होतंय?"

आणि श्रावणात संध्याकाळी मी दारात चप्पल काढतो, तोच आतून आवाज येतो, "कारध्याला किती?"