सही करण्याआधी

मानखुर्द स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसलो होतो. रिक्षावाल्यानं गाणं लावलं आणि मी दचकलो. शब्द माझे होते! १९९७ साली एका कॅसेट कंपनीसाठी आठ गीतं लिहिली होती. रोख सातशे रुपये मिळाले, एका छापील कागदावर सही केली. बी.ए. झालेला माणूस मी. पण कागद वाचला नाही, त्याची प्रतही मागितली नाही.

मित्रहो, गाणं एक असलं तरी त्यात हक्क अनेक असतात. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, गळा गायकाचा आणि ध्वनिमुद्रण कंपनीचं. गाणं वाजलं की पैसा येतो. तो कोणी किती घ्यायचा, हेच रॉयल्टीचं भांडण.

भांडण जुनं आहे. १९६० नंतरच्या वर्षांत लता मंगेशकरांनी गायकांनाही रॉयल्टी हवी, असा आग्रह धरला. महंमद रफीसाहेबांचं म्हणणं असं की, गाण्याचे पैसे घेतले, तिथं आपला संबंध संपला. त्यापायी दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं थांबवलं. कायद्यात गायकांच्या हक्काला जागा मिळाली ती १९९४ च्या दुरुस्तीनं.

कवी-संगीतकारांची अडचण वेगळी होती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, निर्मात्यानं पैसे देऊन चित्रपटासाठी गीत-संगीत करून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक निर्माता. पुढं ते हक्क निर्मात्याकडून कंपनीकडे जात. ज्यानं लिहिलं, तो बाहेरच!

हे चित्र २०१२ मध्ये बदललं. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी विषय लावून धरला. २१ जून २०१२ पासून कायदा सांगतो की, चित्रपटगृहाबाहेर, म्हणजे रेडिओ, टीव्ही, मोबाइलवर गाणं वापरलं गेलं, तर कवी आणि संगीतकाराला रॉयल्टीत समान वाटा मागता येतो. बिगरचित्रपट गाण्यांनाही हे लागू आहे. हा वाटा वारसांना किंवा हक्क जपणाऱ्या संस्थेलाच देता येतो. कंपनीला 'सोडला' असं लिहून दिलं तरी ते चालत नाही. गीतकार-संगीतकारांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था १९६९ पासून आहे. पण सभासद होऊन आपली गाणी तिथं नोंदवावी लागतात. घरबसल्या कुणी पैसे आणून देत नाही.

आणखी एक गोष्ट. करारात मुदत लिहिली नसेल, तर १९९४ च्या दुरुस्तीनुसार ती पाच वर्षं धरली जाते. माझ्या कागदावर मुदत होती का? प्रतच नाही, तर सांगू काय!

आमच्या गल्लीतली कव्वाली गाणारी पोरं हल्ली माझ्याकडे शब्द मागायला येतात. "चाचा, कंपनीवाला आज सही मागतोय," म्हणतात. मी त्यांना चहा पाजतो आणि कागद मोठ्यानं वाचायला लावतो. कोणता हक्क, किती वर्षं, कुठल्या मुलखासाठी, रॉयल्टी किती? चारही उत्तरं कागदावर असली, तरच पेन काढायचं. आणि प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही.

रिक्षातून उतरताना मी दहाची नोट पुढं केली. गाणं अजून चालूच होतं.