डिसोजांच्या नावातलं चिन्ह

वसईत वेब प्रोग्रॅमिंग शिकवताना एक प्रसंग जवळपास प्रत्येक बॅचमध्ये येतो. मुलांनी आयुष्यातला पहिला नोंदणी फॉर्म केलेला असतो. पीएचपी आणि मायएसक्यूएल एकदाचं जोडलं गेलेलं असतं आणि पाटील, डाबरे, वर्तक अशी नावं टेबलात नीट जाऊन बसत असतात. मग वर्गातली एखादी डिसोजा आडनावाची मुलगी आपलं नाव इंग्रजीत घरी लिहितात तसं भरते. आधी डी, त्याच्या डोक्यावर एकेरी अवतरणचिन्ह, पुढे सोझा. बटण दाबताच पडद्यावर सिंटॅक्स एररची लांबलचक ओळ येते. मागच्या बाकावरून उत्तरही ठरलेलं येतं : "सर, ते चिन्ह आलं की कोडमध्ये पुसून टाकायचं. म्हणजे हॅकही होत नाही."

हे वाक्य मी विद्यार्थ्यांकडून ऐकतो, व्हिडिओंतून ऐकतो, नोकरीत चार वर्षं झालेल्यांकडूनही ऐकतो, आणि दर वेळी तितकाच वैतागतो. एक तर त्या मुलीचं आडनाव चुकलेलं नाही, चुकलेला आपला कोड आहे. आपली चूक लपवायला तिचं नाव बदलायचं? आणि नाव बदलूनही साइट सुरक्षित होत नाही ती नाहीच.

घडतं काय ते पाहा. आपण फॉर्ममधला मजकूर उचलून थेट क्वेरीत चिकटवतो, त्यामुळे डेटाबेसच्या हाती पडतं ते असं :

इन्सर्ट इन्टू विद्यार्थी व्हॅल्यूज ('मारिया', 'डि'सोझा')

डेटाबेसच्या लेखी आडनाव "डि" वरच संपलं. पुढचा "सोझा" त्याला हुकूम म्हणून वाचावा लागतो आणि तसला हुकूम त्याला ठाऊक नाही, म्हणून एरर. त्याच जागी त्याला कळणारा हुकूम कुणी लिहिला असता, तर तो त्याने मुकाट्याने पाळला असता. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. रोग चिन्हात नाही. माहिती आणि हुकूम एकाच ओळीत कालवण्यात आहे.

पटत नसेल तर निकाल दाखवणारं पान घ्या. पानाच्या पत्त्यात शेवटी आयडी = ५ असतं आणि क्वेरी असते :

सिलेक्ट * फ्रॉम निकाल व्हेअर आयडी = ५

आता पत्त्यातल्या ५ च्या जागी "५ ऑर १=१" लिहा. एक बरोबर एक हे कायमच खरं, त्यामुळे अट प्रत्येक ओळीला लागू होते आणि अख्ख्या कॉलेजचा निकाल समोर येतो. यात अवतरणचिन्ह एकही नाही. मग तुम्ही पुसणार काय?

चिन्हांची राखण करण्याचा प्रयोग खुद्द पीएचपीने करून पाहिला आहे. मॅजिक कोट्स नावाची सोय येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी आपोआप तिरकी रेघ घालायची. त्यातून वेबपानांवर रेघा घुसलेली नावं तेवढी दिसू लागली, सुरक्षेची हमी काही मिळाली नाही. २०१२ मध्ये पीएचपी ५.४ मधून ती सोय काढूनच टाकली.

खरा उपाय प्रिपेअर्ड स्टेटमेंट. क्वेरीचा साचा आधी डेटाबेसकडे जातो. मूल्यांच्या जागी त्यात नुसती प्रश्नचिन्हं असतात. डेटाबेस साचा वाचून काय करायचं ते ठरवतो. मूल्यं नंतर वेगळी पोचतात, तेव्हा हुकूम ठरून गेलेला असतो. मग आडनावात चिन्ह असो की आख्खी क्वेरी, ते आडनावच राहतं. पीएचपीत यासाठी पीडीओ आणि मायएसक्यूएलआय दोन्ही आहेत. अजूनही जुन्या मायएसक्यूएल_क्वेरी फंक्शनवर धडे देणारे व्हिडिओ कृपा करून बंद करा. ती फंक्शनं २०१५ मध्ये पीएचपी ७ मधून गेली.

मात्र कोडमध्ये "प्रिपेअर" हा शब्द आला म्हणजे काम झालं, असंही नाही. त्याच्या कंसात पुन्हा मजकूर चिकटवलात तर आपण होतो तिथेच आलो. आणि टेबलाचं किंवा कॉलमचं नाव प्रश्नचिन्हातून पाठवता येत नाही. वाचकाला हव्या त्या कॉलमनुसार क्रम लावू द्यायचा असेल, तर चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्येच ठेवा आणि यादीबाहेरचं नाकारा.

"हे सगळं जुनं झालं, आता कोण करतं?" हाही प्रश्न येतो. या हल्ल्याचं तंत्र फ्रॅक या मासिकात १९९८ मध्येच छापून आलं होतं. तरी ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली. तिथल्या माहिती आयुक्तांनी पुढच्या वर्षी ४ लाख पौंडांचा दंड केला. त्यांच्या निष्कर्षानुसार चोर शिरले ती पानं टॉकटॉकने २००९ मध्ये विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीची होती, आणि ती अजून चालू आहेत हे टॉकटॉकच्या गावीही नव्हतं. शिकताना केलेली, सर्व्हरवर विसरलेली पानं तुमचीही असतील. आजच काढून टाका.

बाकीचे गैरसमज एकेका दमात. जावास्क्रिप्टने फॉर्म तपासला म्हणजे पुरे, हे खोटं. ती तपासणी ब्राउझरमध्ये होते आणि विनंती ब्राउझरशिवायही पाठवता येते. पासवर्डला एमडी५ पुरतं, हेही खोटं. पासवर्ड_हॅश २०१३ पासून पीएचपीतच आहे, ते वापरा. मायएसक्यूएलमध्ये "यूटीएफ८" निवडलं की सगळं साठतं, असं नाही. ते प्रत्येक अक्षराला तीनच बाइट देतं, त्यात देवनागरी बसते पण चार बाइटांचा इमोजी आला की घोटाळा, म्हणून यूटीएफ८एमबी४ घ्या.

आणि मोबाइल नंबरात आकडेच असतात म्हणून कॉलम इंट ठेवायचा, हे तर ताबडतोब सोडा. इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे आणि आपले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी. मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड बंद असेल, तर एररही थांबवत नाही, टेबलात प्रत्येकाच्या नावापुढे २१४७४८३६४७ हाच नंबर बसतो. एकदा असं टेबल माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. तीनशेवर माणसं, नंबर एकच, आणि खरे नंबर कुठेच साठलेले नव्हते.