कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, पण आकडा कुठे आहे?

सानपाडा आणि नेरूळच्या मधलं जुईनगर म्हणजे सकाळची लोकल गाठून मुंबईला किंवा ठाण्याला जाणाऱ्यांची वस्ती. इथल्या अनेक घरांत बीपी-शुगरच्या गोळ्यांसोबत कोलेस्टेरॉलचीही गोळी असते. ती रोज घेतली जाते, पण तिचा हवा तेवढा परिणाम झाला का, हे बघायचं मात्र राहून जातं. त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज: रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे काळजी मिटली.

वस्तुस्थिती: रिपोर्टवर छापलेली मर्यादा सगळ्यांसाठी एकच असते, धोका मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल, धोका कमी असलेल्यांनी 100 मिलिग्रॅमच्या खाली ठेवावं. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या जास्त धोक्याच्या रुग्णांचं ते 70 च्या खाली असावं, आणि हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांचं 55 च्या खाली. म्हणजे 95 हा आकडा एखाद्या निरोगी तरुणाला चालेल. अँजिओप्लास्टी झालेल्या त्याच्या वडिलांना तो चालणार नाही.

गैरसमज: तेल-तूप सोडलं की गोळीची गरज नाही.

वस्तुस्थिती: शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. पथ्य, चालणं, तंबाखू सोडणं या गोष्टी हव्यातच. पण ज्याला एलडीएल निम्म्याहून खाली आणायचंय, त्याला सहसा पथ्य एकटं पुरत नाही. काही घराण्यांत तर हे कोलेस्टेरॉल जन्मापासूनच वाढलेलं असतं.

गैरसमज: आकडा उतरला नाही तर डोस दुप्पट करावा.

वस्तुस्थिती: कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी स्टॅटिन गटातली असते. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल मूळ आकड्याच्या आणखी साधारण 6 टक्केच उतरतं. समजा, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णाचं एलडीएल 140 आहे. 40 मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिनने ते साधारण 70 वर येईल. डोस 80 केला तर 62 च्या आसपास. त्याऐवजी 40 सोबत एझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडली, तर आणखी 20 ते 25 टक्के घट होऊन आकडा 55 च्या जवळ येतो. कारण स्टॅटिन यकृतातली निर्मिती रोखतं आणि एझेटिमाइब आतड्यातलं शोषण. तरीही आकडा उतरला नाही तर बेम्पेडोइक ॲसिडची गोळी आणि इंजेक्शनं आहेत. तेव्हा डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडली म्हणून आजार बळावला असं समजू नका.

गैरसमज: या गोळ्यांनी अंग दुखतं आणि लिव्हर खराब होतं.

वस्तुस्थिती: लंडनमध्ये 60 जणांवर एक अभ्यास झाला. त्रास होतो म्हणून या सगळ्यांनी स्टॅटिन सोडलं होतं. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. 2020 मध्ये निष्कर्ष आला: खऱ्या गोळीवर जेवढा त्रास होत होता, त्याच्या 90 टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीवरही झाला. पुढे यातल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. यकृताला गंभीर इजा फार क्वचित होते. साखर किंचित वाढू शकते, पण मधुमेहींसाठीसुद्धा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे. मात्र स्नायू खूप दुखत असतील, लघवी गडद होत असेल किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर ताबडतोब डॉक्टरांशी बोला.

गैरसमज: आकडा आला, आता गोळी बंद केली तरी चालेल.

वस्तुस्थिती: आकडा खाली असतो तो गोळीमुळेच. ती थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा पहिल्या पातळीकडे जातं. बीपीच्या गोळीसारखंच हे रोजचं औषध आहे. खर्चाची अडचण असेल तर गोळी सोडण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. जनऔषधी केंद्रात ॲटोरव्हास्टॅटिन स्वस्तात मिळतं.

गैरसमज: तपासणीला उपाशीपोटीच जावं लागतं.

वस्तुस्थिती: सकाळची लोकल चुकेल म्हणून अनेकांची तपासणी महिनोन्‌महिने लांबते. 2024 च्या त्याच सूचनांनुसार सर्वसाधारण तपासणी जेवणानंतरही चालते. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, फार वाढलेलं असेल तर मात्र उपाशीपोटी रक्त द्यावं लागतं. म्हणजे कामावरून परतताना, संध्याकाळीही हे काम उरकता येतं.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर 4 ते 12 आठवड्यांत पुन्हा तपासणी व्हायलाच हवी. एलडीएल साधारण 39 मिलिग्रॅमने उतरलं, तर हार्ट अटॅक आणि पक्षाघातासारख्या घटना सुमारे 22 टक्क्यांनी कमी होतात. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: माझं एलडीएल किती हवं? आज किती आहे? पुढची तपासणी कधी? उत्तरं फाइलवर लिहून घ्या. पहिले दोन आकडे जुळेपर्यंत उपचार अपुराच आहे, आणि तो पूर्ण करून घेणं हा तुमचा हक्क आहे.