शाळेतील पहिले मत्स्यालय

बीड जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागातही ४० लिटर पाण्यात शाळेचे मत्स्यालय उभे राहू शकते. मात्र घाई केल्यास मासे दगावतात. त्यांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून विषारी अमोनिया तयार होतो. त्याचे रूपांतर नायट्राइटमध्ये व पुढे सौम्य नायट्रेटमध्ये करणारे जिवाणू वाढण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून प्रारंभी दोन-तीनच गप्पी मासे सोडावेत. विहिरीचे काहीसे जड पाणी त्यांना मानवते. नळाचे पाणी मात्र क्लोरीन उडून जाण्यासाठी एक दिवस उघडे ठेवावे. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी झाडांना खतासारखे उपयोगी पडते. गप्पी डासांच्या अळ्या खातात, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येते. परंतु हा दक्षिण अमेरिकेतील मासा बिंदुसरेसारख्या नद्यांत सोडू नये. स्थानिक माशांस त्यापासून धोका संभवतो.