एक चूल, दोन पथ्यें

पति-पत्नींचीं पथ्यें भिन्न असलीं तर चूल एक राहूं शकेल काय? सीलिॲक विकाराचें उदाहरण घेऊं. यांत गहूं व सातू यांतील ग्लूटेन नामक प्रथिनामुळें लहान आंतड्याच्या अस्तरास इजा होते. तांदूळ, ज्वारी, बाजरी व नाचणी यांत तें नसतें. समजा, पत्नीस हा विकार आहे, पतीस नाहीं.

अशा घरीं दोघांच्या मोबाइलवर एकच सामायिक ॲप असावें. त्यांत प्रथम प्रत्येकाचे वर्ज्य पदार्थ नोंदावे, मग आठवड्याचा बेत ठरवावा. वरण, भात, भाजी, कोशिंबीर दोघांस चालते. भेद उरतो तो पोळी-भाकरीपुरता. बेतावरून ॲप सामानाची यादी करतें. एकानें दुकानांत तूरडाळीवर खूण केली कीं ती दुसऱ्यास तत्काळ दिसते. डाळ दोनदां येत नाहीं.

परंतु यंत्रास सांगावें तेवढेंच कळतें. बाजारांतील डबीच्या हिंगांत पुष्कळदां गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें. यादींत नुसतें 'हिंग' लिहिलें, तर दोघांचें म्हणून केलेलें वरणच एकास बाधावयाचें! म्हणून 'गव्हाच्या पिठाविना हिंग' असें स्पष्ट लिहावें व डबीवरील घटक वाचावे. ज्वारीहि गिरणींत गव्हामागून दळूं नये. ही सूचना यादींतच टिपून ठेवावी.

पथ्य एकाचें असलें, तरी तें स्मरण्याचा भार दोघांनीं वाहावा. सामायिक यादीचा खरा लाभ हाच होय.