बाठा नसलेला आंबा

पेटीतला सातवा आंबा कापला आणि धाकट्याचं तोंड उतरलं. बाहेरून सोन्याचा गोळा, देठाशी नाक नेलं तर खोली भरेल असा वास. पण सुरी आत गेली तशी बाठ्याभोवती पांढरट, भुसभुशीत, थर्माकोलसारखा गर दिसला. "आबा, सडलाय हा!" म्हणाला.

सडला नाही रे. याला साका म्हणतात. बोट लावून बघ, गर कोरडा आहे, चाखलास तर आंबट लागेल. सडका आंबा बाहेरूनच कळतो, देठाशी काळा पडतो, हाताला मऊ लागतो. साक्याचं तसं नाही. सुरी लावेपर्यंत तो कोणालाच कळत नाही, बागायतदाराला नाही, दलालाला नाही, पेटीवर हात ठेवून शपथ घेणाऱ्या माझ्या चुलतभावालाही नाही. आणि गंमत अशी की हे दुखणं खास हापूसचं. रायवळला त्याचा त्रास नाही, नीलमला नाही.

का होतं, ते सांगतो. पण आधी थोरली, तू तो पंखा दोनवर कर, आणि बाठा कोणीही खिडकीतून खाली टाकायचा नाही. एकदा मी टाकला होता, त्याची गोष्ट मध्ये येईलच.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटला आलो १९७२ साली, अठरा वर्षांचा. दापोलीच्या एसटीत बसलो तेव्हा ट्रंकेत दोन सदरे होते आणि आईने बांधून दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. त्या वर्षी महाराष्ट्रात पाऊस रुसला होता, घाटावर माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. इथे तेव्हा भोंग्यावर दिवस उगवायचा. एक शिफ्ट सुटली की रस्ता नंबर सोळा सायकलींनी भरून जायचा. मी हेल्पर म्हणून लागलो, मग लेथवर टर्नर झालो. आणि बघा योगायोग, ज्या वर्षी मी गाव सोडलं त्याच वर्षी, १८ मे १९७२ ला, माझ्या गावाला विद्यापीठ मिळालं. कोकण कृषी विद्यापीठ, दापोली. आता त्याला बाळासाहेब सावंतांचं नाव आहे. ते कोकणातले, १९६३ साली कन्नमवार वारले तेव्हा काही दिवस मुख्यमंत्रीही होते.

शेतकी कॉलेज तिथे १९६५ पासूनच होतं. आम्ही पोरं त्या बाजूने जायचो तेव्हा कुंपणाच्या आत कलमांना टांगलेल्या पत्र्याच्या पाट्या दिसायच्या, त्यांवर नंबर. आम्हाला हसू यायचं. झाडाला कोण नंबर देतं? पुढे कारखान्यात मलाही पंचकार्ड मिळालं, त्यावर नंबरच होता. मग हसू थांबलं.

विद्यापीठ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मोठी दगडी इमारत आणि घड्याळाचा मनोरा येतो. हे तसलं नव्हे. याचा वर्ग म्हणजे भाताचं शेत, आंब्याची बाग, पनवेलची खारजमीन. कर्जतला भातावर काम १९१९ पासून चाललेलं, वेंगुर्ल्याचं फळसंशोधन केंद्र १९५७ चं. विद्यापीठ झालं तेव्हा ही जुनी केंद्रं त्याच्या अंगणात आली. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची सगळी किनारपट्टी त्याच्याकडे, म्हणजे आपला ठाणे जिल्हासुद्धा. इस्टेटीच्या या सिमेंटखाली कोणे एके काळी खाचरंच असणार, तेव्हा हक्काने आपलंही म्हणायला हरकत नाही.

तर साका. झाडावरचा आंबा म्हणजे काय? आपल्याला वाटतं गर आपल्यासाठी आहे. झाडाला विचारलंत तर ते म्हणेल, गर ही मजुरी आहे, खरं काम बाठ्याचं. बाठ्यात बी, बीत पुढचं झाड. आता आंब्याचं बी हरभऱ्यासारखं नसतं. हरभरा डब्यात वर्षभर झोपून राहतो. आंब्याच्या बीला झोपच नाही. ते वाळलं की मेलं. मे अखेरीस फळ पडतं, मृगाचा पाऊस येतो, तेवढ्यात त्याला रुजलंच पाहिजे. म्हणून ते घाईत असतं. हापूस झाडावर जास्त दिवस राहिला, वरून ऊन, खालून तापलेल्या कातळाची वाफ, की हे घाईचं बी फळाच्या आतच रुजायची तयारी सुरू करतं. त्याला पाणी लागतं, अन्न लागतं. ते कुठून आणणार? शेजारच्या गरातून. मग तिथल्या पिठूळ स्टार्चची साखर व्हायची राहून जाते, आंबटपणा तसाच राहतो, मध्ये हवेच्या पोकळ्या पडतात. बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेतल्या अभ्यासाने बाठ्याकडे असं बोट दाखवलं. त्याआधीचे लोक सगळा दोष उन्हाला द्यायचे, आणि तेही काही खोटे नव्हते. म्हणून जाणते बागायतदार कलमाच्या बुंध्याभोवती पेंढा पसरतात, काढलेला आंबा उन्हात ठेवत नाहीत, आणि फळ पुरतं तयार व्हायची वाट न बघता चौदा आणे झालं की उतरवतात. सोळा आण्यांची हाव धरली की साका.

"म्हणजे बी चोर?" धाकटा म्हणाला.

चोर कसलं? स्वतःच्याच घरातलं खातंय. चोर असलोच तर आपण.

आता हुशार माणसाच्या डोक्यात काय येईल? बी नसलेलाच आंबा केला तर? मुळात तेवढाच विचार नव्हता, पण वेंगुर्ल्याच्या लोकांनी एक लग्न लावलं. नवरा-नवरी कोण, तर नीलम आणि हापूस. नीलम हा दक्षिणेकडचा, दरवर्षी न चुकता फळणारा, साका नसलेला, आपल्याकडे पावसाळ्यात गाड्यांवर दिसतो तो. हापूस म्हणजे लाडावलेला मुलगा, एक वर्ष भरभरून देतो, दुसऱ्या वर्षी रुसतो. हे लग्न लावणं म्हणजे काय काम असतं, ते ऐका. आंब्याच्या एका मोहोरावर शेकड्यांनी फुलं, कधी हजारांच्या वर. त्यातली बरीचशी नुसती नर, त्यांना फळ धरायचंच नसतं. उरलेल्यांतलं एक निवडायचं, तांदळाच्या दाण्याएवढं. चिमट्याने त्याचा पुंकेसर उमलायच्या आधी काढायचा, दुसऱ्या जातीचा पराग त्याच्या टोकाला लावायचा, वर पिशवी बांधायची. मी आयुष्यभर मायक्रोमीटरवर काम केलं, सुताचा शंभरावा भाग बोटांनी ओळखायचो, पण तेवढ्या नाजूक फुलाला झाडावर चढून हात लावायचं म्हटलं असतं तर नाही म्हणालो असतो. आणि एवढं करून शेकडा नव्याण्णव फुलं गळून जातात. जी राहतात त्यांचं बी पेरायचं आणि फळ येईपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं. बहुतेक फळं टाकाऊ निघतात.

इथे माझ्या बाठ्याची गोष्ट. ऐंशीच्या आसपासची असेल. गावाहून पेटी आलेली, आम्ही कँटीनमागे उभे राहून हापूस खाल्ले, आणि मी बाठा भिंतीपलीकडे भिरकावला. त्याचं झाड झालं. कारखाना पुढे बंद पडला, आमचे हिशोब व्हायला फार वर्षं लागली, तो विषय राहू दे. आता तिथे काचेची इमारत आहे, गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं असतात, पण पार्किंगच्या कोपऱ्यात झाड तेच. त्याचे आंबे खाल्लेत कधी? आंबट, दोरेदार, बोराएवढं गाभुळलेलं प्रकरण. हापूसच्या बाठ्यातून हापूस येत नाही रे. बी म्हणजे लॉटरीचं तिकीट. आजोबाचं नाक, आजीचे कान, कोणत्या तरी पणजोबाचा राग, असं काहीही निघतं. हापूस हवा तर हापूसचीच काडी कापून दुसऱ्या रोपावर बांधावी लागते. कलम म्हणतात ते हेच. म्हणून कोकणात कोणी आंब्याची झाडं म्हणत नाही, आमची शंभर कलमं आहेत म्हणतात. देवगडपासून आमच्या परसापर्यंतचे सगळे हापूस म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या समजा, पोर्तुगीजांच्या काळापासून हातोहात आलेल्या.

तर त्या लॉटरीत वेंगुर्ल्याला १९८१ साली एक तिकीट लागलं. नाव ठेवलं रत्ना. साका नाही, दोरे नाहीत, फळ मोठं. मग दापोलीकरांनी रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर केला आणि १९९२ मध्ये सिंधू आली. सिंधूचा बाठा म्हणजे नुसती कागदासारखी पाती, आत बी जवळपास नाहीच. घाई करणारंच कोणी नाही, मग साका कशाला होईल?

थोरली म्हणाली, "मग बाजारात सिंधू का नाही दिसत?" बरोबर विचारलंस. कारण माणूस आंबा जिभेने कमी आणि नावाने जास्त खातो. मला विचाराल तर वासात हापूसच वरचढ. साका निघाला तरी मी चुलतभावाकडून हापूसच मागवतो, आणि दरवर्षी शिव्या घालतो.

आता मध्येच जर्मनी येते, रागावू नका. आमच्याकडे एकदा स्टुटगार्टकडचा एक इंजिनीअर मशीन बसवायला आला होता. मे महिना होता, त्याला आम्ही कँटीनमध्ये आंबा दिला. त्याने हात कोपरापर्यंत माखून घेतले आणि साहेबांच्या मार्फत सांगितलं की माझ्या घराजवळ एक शेतीचं विद्यापीठ आहे, ते ज्वालामुखीमुळे निघालं. मला वाटलं साहेबाने इंग्रजी चुकीचं समजून घेतलं. नंतर वाचलं तर खरंच निघालं.

इंडोनेशियात सुंबावा नावाचं बेट आहे. तिथला तांबोरा डोंगर १८१५ च्या एप्रिलमध्ये फुटला. राख तर पडलीच, पण गंधकाचा वायू इतका उंच गेला की पावसाने धुऊन खाली यायची सोयच नव्हती. तिथे त्याचे बारीक थेंब झाले आणि साऱ्या पृथ्वीभोवती पातळ पडदा धरला, आपण गच्चीवर तुळशीला उन्हाळ्यात हिरवी जाळी लावतो ना, तसा. ऊन मंदावलं. दुसऱ्या वर्षी, १८१६ ला, युरोपात उन्हाळाच आला नाही. नुसता पाऊस आणि गारठा, धान्य शेतात कुजलं. व्युर्टेम्बर्ग नावाचं छोटं राज्य होतं, तिथे लोक पिठात भुसा कालवून पाव करत, घरदार सोडून परदेशी जात. पुढच्या वर्षी नव्या धान्याची पहिली गाडी आली तेव्हा लोकांनी ती फुलांनी सजवली आणि घंटा वाजवल्या. आपण दाराला नवं बांधतो तसंच की ते.

तिथल्या राजाने, विल्हेल्म त्याचं नाव, राणी कॅथरिनाच्या साथीने ठरवलं की हे पुन्हा होता कामा नये. स्टुटगार्टजवळचा होहेनहाइमचा वाडा रिकामा पडला होता, तिथे २० नोव्हेंबर १८१८ ला शेतीची शाळा काढली. आपल्याकडे पेशवाई बुडाली ते हेच साल. पहिला प्रमुख श्वेर्त्स, त्याने फ्लँडर्सकडचा नांगर आणून त्यात बदल केले, आणि शाळेच्या आवारातच नांगर-अवजारं बनवायचा कारखाना घातला. हे ऐकलं आणि मला ती संस्था आपली वाटली. ज्या विद्यापीठाला स्वतःचा वर्कशॉप आहे त्याला टर्नर माणूस मान देतोच. शाळेचं कॉलेज झालं, आणि विद्यापीठ म्हणायला १९६७ साल उजाडलं.

आमच्या दापोलीनेही हत्यारं केली बरं का. वैभव विळा, दातेरी पात्याचा. साधा विळा दर दोन बांधांनंतर घासावा लागतो, हा करवतीसारखा कापतो, भात कापणाऱ्या बायांच्या मनगटाला आराम. आणि नूतन झेला. तो बघितलायत तुम्ही, चुलतकाकाच्या खळ्यात उभा असतो तो. लांब काठी, टोकाला कडं, कड्याला जाळी आणि वर पातं. आधीच्या झेल्याने आंबा ओढून तोडायचे, देठ मुळातून निघायचं, मग चीक फळावर ओघळायचा आणि साल जळून काळे डाग पडायचे. या झेल्याचं पातं देठासकट कापतं. बोटभर देठ राहिलं की चीक आतच राहतो. एवढ्याशा देठाने पेटीचा भाव बदलतो. मी ते पातं हातात घेऊन बघितलं, धारेचा कोन बरोबर होता. आम्ही केलं असतं तर टोक थोडं गोल केलं असतं, पण ते असो.

धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आबा, सिंधूला बीच नाही, मग तिचं झाड आलं कुठून?"

या प्रश्नाला मी तुला पेटीतला सगळ्यात चांगला आंबा देतो. तिला बी नाही, म्हणून तिला आपलं आपण रुजता येत नाही. रानात सोडली तर एका झाडावर संपली. कोणीतरी तिची काडी कापावी, रायवळच्या बाठ्यातून वर आलेल्या तांबूस कोंबावर ती बसवावी, प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावी, आणि तीन-चार आठवडे पाणी घालत बघत बसावं, की फुटतेय का. कोय कलम म्हणतात त्याला. रायवळचं मूळ, सिंधूचं डोकं. तिला फुलं आहेत, पानं आहेत, पाऊस आहे, फक्त माणूस लागतो.

"मग मी बांधू?"

बांध की. बाठे त्या वाडग्यात गोळा कर, धुऊन ठेव. हापूसचे असले तरी खुंटाला चालतात. जून लागला की कुंडीत लावू, कोंब वर आला की दापोलीहून काडी मागवू. आता ताट पुढे घे, आठवा कापतो.