बत्तिसाव्या सेकंदाला फोन का कटतो?

आजचा भाग आहे ऑफिसच्या फोनबद्दल, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या पीबीएक्सबद्दल. ऐकताना सगळं लक्षात राहत नाही, म्हणून बोललेलं इथे लिहूनही देतोय.

सुरुवात एका किश्शाने करतो. साताऱ्यातल्या एका डायलिसिस सेंटरची तक्रार होती: बाहेरून आलेला फोन अर्ध्या मिनिटात कटतो. इथून लावलेले फोन मात्र कितीही वेळ चालतात. त्यामुळे पेशंटच्या घरच्यांनी सरळ निष्कर्ष काढला, की रिसेप्शनवरच्या ताईच फोन आपटतात. तक्रार मालकांपर्यंत गेली. ताई रडकुंडीला आल्या होत्या. मी गेल्या गेल्या पहिलं वाक्य ऐकलं, "दादा, मी फोन ठेवतच नाही हो!"

डायलिसिसची वेळ बदलली, हे अर्ध्या मिनिटात सांगून होत नाही. पेशंट गावाहून एसटीने येतो आणि मशीन रिकामं नसतं. त्यामुळे प्रश्न नुसत्या फोनचा नव्हता.

आता थोडं समजून घेऊ. ऑफिसमधले सगळे फोन ज्या मशीनला जोडलेले असतात, तो पीबीएक्स. इथे तो ॲस्टेरिस्कवर चालत होता. पीबीएक्सला बाहेरच्या फोन नेटवर्कशी जोडणारी इंटरनेटवरची लाइन म्हणजे सिप ट्रंक. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की एका कॉलमध्ये दोन वेगळे प्रवाह असतात. एक सिप: घंटा वाजव, उचलला, ठेवला, असे निरोप. दुसरा आरटीपी: प्रत्यक्ष आवाज. दोघांचे पोर्ट वेगळे, वाटही वेगळी असू शकते. म्हणूनच घंटा वाजते पण आवाज येत नाही, किंवा आवाज छान येतो पण कॉल कटतो, असे प्रकार होतात.

मी घड्याळ लावून बाहेरून तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उचलल्यापासून बरोबर ३२ सेकंदांनी कटला. माणूस इतका नेमका फोन ठेवत नाही! तिथेच मला अंदाज आला.

हा आकडा येतो कुठून? सिपचे नियम २००२ साली आलेल्या आरएफसी ३२६१ मध्ये आहेत. ताईंनी फोन उचलला की पीबीएक्स प्रोव्हायडरला '२०० ओके' पाठवतो, म्हणजे 'उचलला'. प्रोव्हायडरने त्यावर 'ॲक', म्हणजे पोचपावती, पाठवायची असते. पावती नाही आली तर पीबीएक्स आधी अर्ध्या सेकंदाने, मग एक, दोन, चार सेकंदांनी तेच ओके पुन्हा पाठवत राहतो. त्याचा मूळ टायमर अर्ध्या सेकंदाचा. अशा ६४ पट वेळेनंतर, म्हणजे ३२ सेकंदांनी, तो आशा सोडतो आणि कॉल बंद करतो.

मग पावती जात कुठे होती? आठवड्यापूर्वी सेंटरने इंटरनेटचं कनेक्शन बदललं होतं. बाहेरचा आयपी पत्ता बदलला, पण पीबीएक्सच्या सेटिंगमध्ये जुनाच राहिला. नव्या घरातून पत्र टाकायचं आणि पत्रावर जुन्या घराचा पत्ता लिहायचा, तसं झालं. उत्तर जुन्या घरी!

मग घंटा आणि आवाज कसा चालत होता? कारण प्रोव्हायडर या दोन्हींसाठी लिहिलेला पत्ता न बघता, पाकीट खरोखर कुठून आलं ते बघत होता. पोचपावती मात्र लिहिलेल्या पत्त्यावर जात होती. आणि आपण लावलेल्या कॉलमध्ये पोचपावती आपण पाठवतो, ती नीट पोचायची. म्हणून फक्त येणारे कॉल कटत होते.

सिपचा लॉग चालू केला, तर ओके पुन्हा पुन्हा जाताना दिसलं. फोन ठेवल्याचा निरोप असतो 'बाय'. ताईंच्या सेटकडून तो आलाच नव्हता, पीबीएक्सनेच पाठवला होता. हा लॉग मी मालकांना दाखवला. मग बाहेरच्या पत्त्याची दोन्ही सेटिंग बदलली, एक निरोपांसाठी आणि एक आवाजासाठी. लोकल नेटवर्कची रेंज तपासली, ट्रंक पुन्हा लोड केली. पुढचा टेस्ट कॉल पाच मिनिटं चालला.

तुमच्याकडे असं झालं, तर सेटिंग चाळत बसण्याआधी लक्षण बघा:

१. ट्रंक रजिस्टरच होत नाही? लॉगमध्ये एकदा ४०१ दिसलं तर घाबरू नका, ते फक्त पासवर्ड विचारणं असतं. तेच परत परत येतंय किंवा ४०३ येतंय, तर युजरनेम-पासवर्ड तपासा. काहीच उत्तर नाही, तर फायरवॉल किंवा नेटवर्क.

२. ४८८ येतंय? बहुतेक वेळा कोडेक जुळत नाही. आपल्याकडे जी-७११ ए-लॉ चालू आहे ना, ते आधी बघा.

३. आवाज एकाच बाजूला जातोय? आरटीपीचे पोर्ट आणि बाहेरचा पत्ता तपासा. ॲस्टेरिस्कच्या नमुना सेटिंगमध्ये हे पोर्ट १०००० ते २०००० असतात.

४. ३२ सेकंदांना कटतोय? पोचपावती हरवतेय. पत्ता तपासा, आणि राउटरमधलं 'सिप एएलजी' बंद करून बघा. ते मदत करायला म्हणून निरोपातले पत्ते बदलतं आणि अनेकदा घोळ घालतं.

एक चूक मात्र करू नका. वैतागून ५०६० पोर्ट सगळ्या जगाला उघडू नका. असे पीबीएक्स शोधून परदेशात महागडे कॉल लावणारे टपलेलेच असतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. फक्त प्रोव्हायडरच्या पत्त्यांना परवानगी द्या.

निघताना ताईंनी चहा दिला. मालक त्यांना "सॉरी" म्हणाले, ते माझ्या समोरच. तेव्हा मंडळी, माणसाला दोष देण्याआधी एकदा लॉग उघडा. भेटू पुढच्या भागात!